अरुंद नलिका, मोठी आश्वासने



साठीपुढील अनेक रुग्ण कटिप्रदेशाच्या एमआरआयचा अहवाल घेऊन आपल्याकडे येतात. त्यात ‘लंबर कॅनल स्टेनोसिस’ असे निदान असते आणि रुग्णाचा प्रश्न एकच असतो, ‘शस्त्रक्रिया टळेल ना?’ तपासणीपूर्वीच ‘नक्की टळेल’ असे सांगणे शास्त्रास धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विकारात चकतीचा ऱ्हास, सांध्यांतील अस्थिवृद्धी आणि स्नायुबंधांचे जाड होणे यांमुळे मणक्यांतील नलिका अरुंद होऊन नाड्यांवर दाब येतो. चरकाचार्यांनी सांगितलेली धातुक्षय व मार्गावरण ही वातप्रकोपाची दोन्ही कारणे येथे एकत्र दिसतात. कटिबस्तीने वा गुग्गुळकल्पाने वाढलेले हाड झिजत नाही. मात्र स्नेहन, मृदु स्वेदन, मात्राबस्ती आणि नियमित व्यायाम यांनी वेदना व स्तंभ कमी होऊन रुग्ण अधिक चालू लागतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. आपला दावा तेवढाच असावा.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १६९ रुग्णांची शस्त्रक्रिया व फिजिओथेरपी अशा दोन गटांत विभागणी केली होती. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या शारीरिक कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु फिजिओथेरपीच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी दरम्यान शस्त्रक्रिया करून घेतली होती. धीराने उपचार करून पाहण्यास यातून आधार मिळतो, हट्टास मिळत नाही.

पायात कळ येणारा प्रत्येक रुग्ण गृध्रसीचा नसतो. बसल्याने वा पुढे वाकल्याने कळ शमत असेल, तर नलिकासंकोचाचा संशय घ्यावा. नुसते उभे राहिल्याने थांबत असेल, तर रक्तवाहिन्यांचा विकार असू शकतो. म्हणून पावलांची नाडी तपासावी. मधुमेही रुग्णाच्या पायांची संवेदना पाहिल्यावाचून स्वेदन वा अग्निकर्म करू नये. मूत्रावरोध, मलमूत्रावरील ताबा जाणे, गुदप्रदेशी बधिरता किंवा पायांचे बळ झपाट्याने घटणे यांपैकी एकही लक्षण नव्याने दिसल्यास पंचकर्माचा विचार बाजूस ठेवून रुग्णास त्याच दिवशी शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती आहे. एका दिवसात दुखणे थांबवणारी बिनलेबलची ‘वाताची पुडी’ दुकानात ठेवू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड वा वेदनाशामकाची भेसळ असू शकते. तिच्यामुळे रक्तशर्करा वाढते, अस्थी ठिसूळ होतात, आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो. दीर्घकाळ अशी पुडी घेणाऱ्या रुग्णाने ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. त्यास वैद्यकीय देखरेखीची गरज आहे.

प्रत्येक चिकित्सालयाने उपचारापूर्वी आणि सहा आठवड्यांनंतर रुग्ण न थांबता किती मिनिटे चालतो, याची नोंद ठेवावी. गुण आलेल्यांबरोबर न आलेल्यांचीही नोंद व्हावी. अशी वही हाती असली, तर रुग्णाच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे आपणास कठीण जाणार नाही.