अळी मरते, अ‍ॅलर्जी उरते

मासे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठले, की 'मासळी बाधली' असे म्हणून आपण विषय मिटवतो. १९९० साली जपानी डॉक्टरांनी बांगड्याच्या कुळातल्या माशांनी पित्त उठणारे रुग्ण तपासले, तेव्हा बहुतेकांचे वैर माशाशी नव्हतेच. ते होते माशातल्या अ‍ॅनिसाकिस नावाच्या दोऱ्यासारख्या अळीशी. पुढे स्पेनच्या बास्क प्रांतातील डॉक्टरांनी याच अळीमुळे रक्तदाब कोसळून जिवावर बेतलेले रुग्ण नोंदवले.

ही अळी खरी देवमासे आणि डॉल्फिन यांच्या पोटातली. मासा हा तिचा वाटेतला मुक्काम, आणि माणूस म्हणजे चुकलेला पत्ता.

हॉलंडने १९६८ मध्ये कच्चे हेरिंग गोठवण्याची सक्ती केली. व्हिनेगरमध्ये मुरवलेले 'बोकेरोनेस' आवडीने खाणाऱ्या स्पेननेही २००६ मध्ये तोच मार्ग धरला. उणे २० अंशांवर चोवीस तास ठेवले की अळी मरते, असे युरोपचा नियम सांगतो. हे कायदे चांगलेच आहेत. जिवंत अळी जठराच्या अस्तरात घुसून होणाऱ्या असह्य वेदना त्यांनी टाळल्या. मात्र अ‍ॅलर्जी होते ती अळीच्या प्रथिनांमुळे आणि त्यांतली काही गोठवून, शिजवूनही टिकतात. गोठवलेला मासा अनेक रुग्णांना सोसतो हे खरे. पण काहींना सोसत नाही. त्यांनी काय करायचे?

वेष्टन वाचून उपयोग नाही. युरोपात ज्या चौदा अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची नावे छापावी लागतात, त्यांत मासा आहे, कोळंबी आहे, अळी नाही. ती कोणी मुद्दाम घातलेली नसते ना! दक्षिण आफ्रिकेत तर मासळीच्या कारखान्यांतल्या, मासा नुसता हाताळणाऱ्या कामगारांतही ही अ‍ॅलर्जी आढळली आहे. त्यांच्यासाठी वेष्टन काय कामाचे?

माझ्या मते सारा भार गिऱ्हाइकाच्या सावधगिरीवर आणि स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर टाकणे ही पळवाट आहे. मासा मेल्यावर आतड्यांभोवतीच्या काही अळ्या मांसात सरकतात. म्हणून तो बोटीवरच लगेच साफ करायला हवा. आणि काढलेली आतडी? ती आज सर्रास समुद्रात फेकली जातात. दुसरे मासे ती खातात आणि अळी पुन्हा फेऱ्यात येते. ही आतडी बोटीवरच नष्ट करण्याचा खर्च मासेमारी कंपन्यांनी उचलावा, असे मला वाटते.