भामरागडचा गाळही मोजा

पर्लकोटेचा पूल बुडाला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. पुराबरोबर गेलेल्या मातीचा उल्लेख त्यात क्वचितच असतो. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीचे हे पाणी सोमनूरला गोदावरीत मिसळून बंगालच्या उपसागरात जाते. तिथे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठासोबत १९८७ पासून खोल पाण्यात सापळे लावून खाली पडणारे कण वर्षानुवर्षे गोळा केले. नद्यांची बारीक माती सेंद्रिय कणांना जड करते आणि त्यांच्यातील कार्बन लवकर तळाशी जातो, हे त्यातून उमगले. एखाद्या मोसमाच्या नोंदींवर असा निष्कर्ष निघत नाही.

केंद्रीय जल आयोग प्राणहितेवर टेकरा आणि इंद्रावतीवर पाथागुडेम येथे गाळ मोजतो. मात्र तो आकडा अख्ख्या खोऱ्याचा. कोणत्या उपनदीने किती माती दिली, हे त्यावरून कळत नाही. सुरजागडला लोहखनिजाचे उत्खनन वाढते आहे, तर धरणांत गाळ अडल्याने गोदावरीच्या मुखाशी किनारा झिजतो आहे. उद्या कुणावर ठपका ठेवायचा किंवा कुणाला निर्दोष ठरवायचे, तरी आजची नोंद हवीच.

म्हणून भामरागडच्या संगमाच्या वर तिन्ही नद्यांवर जून ते ऑक्टोबर रोज नमुने घ्यावेत. पाणी गाळणे, गाळ सुकवणे, तोलणे हे काम गोंडवाना विद्यापीठाकडे सोपवता येईल. निधी किमान दहा वर्षांचा असावा आणि आकडे ग्रामसभांनाही मिळावेत.