मुलांस शब्द येत नाहींत, हें खोटें

"या मुलांस शब्दच येत नाहींत, शिकवावें तरी काय?" ही तक्रार शिक्षकबंधूंच्या तोंडून वारंवार ऐकूं येते. अक्कलकोट तालुक्यांत, मैंदर्गीसारख्या गांवीं, ती फार जोरानें केली जाते. आमचें म्हणणें असें कीं, ही तक्रार मुळांतच खोटी आहे, आणि तिच्यापायीं शेतकऱ्यांचीं व मजुरांचीं मुलें पहिल्याच वर्षीं 'मठ्ठ' ठरून शाळेला पारखीं होतात.

मैंदर्गीच्या पुष्कळ घरांत कानडी बोलतात. त्या घरचें मूल मराठी शाळेंत येतें तेव्हां तें आईला 'अव्वा', चिमणीला 'गुब्बी', दुधाला 'हालु' आणि पावसाला 'मळे' म्हणत वाढलेलें असतें. गुरुजींनीं विचारलें, "मळे कोठें असतात ?" तर तें आभाळाकडे बोट दाखवील. गुरुजी हंसतील, पण त्या मुलाचें चुकलें काय? त्याच्याजवळ शब्द आहे, अर्थही आहे. गुरुजींस तो ठाऊक नाहीं, इतकेंच.

फळ्यावर वीस शब्द लिहून ते दहा वेळां घोकविले म्हणजे शब्दसंग्रह वाढतो, ही समजूत सोडली पाहिजे. घोकलेला शब्द घरीं पोंचण्यापूर्वींच वाऱ्यावर जातो. त्यापेक्षां भाकरी घ्या. मुलें तिला 'रोट्टी' म्हणतील, ज्वारीला 'जोळ' म्हणतील. हे शब्द आधीं त्यांच्याकडून मानानें वदवून घ्यावेत व शेजारीं मराठी शब्द ठेवावेत. मग दळणें, चाळणें, मळणें, थापणें, भाजणें. पीठ, काठवट, तवा, पापुद्रा. एका भाकरींत इतके शब्द सांपडतात ! दुसऱ्या दिवशीं तेच शब्द गोष्टींत आणावेत, तिसऱ्या दिवशीं प्रश्नांत. निरनिराळ्या वाक्यांत पुन्हां पुन्हां भेटलेला शब्दच मुलाचा होतो. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द तर दोन्ही भाषांत चालतात. आरंभ तेथूनच करावा.

ही युक्ति आमची नवी नव्हे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें सांगितलें कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तों शेतकरीवर्गांतून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम सुरू केलें व पुढें तें कोसबाडच्या वारली मुलांपर्यंत नेलें. तेथें महागड्या साधनांऐवजीं पानें, बिया, शिंपले यांवरच धडे झाले.

कोणी म्हणतील, कानडीला वर्गांत थारा दिला तर मराठी कच्ची राहील. उलट, ओळखीच्या वस्तूचें दुसरें नांव शिकणें सोपें असतें; वस्तुही परकी आणि नांवही परकें, हेंच अवघड. राज्यघटनेंत १९५६ सालीं घातलेलें ३५० अ कलम आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा, दोहोंनीं मातृभाषेची बाजू घेतली आहे. पण कायदा कांहीं वर्गांत येऊन मुलांशीं बोलत नाहीं.

आईबापांस आमची विनंति आहे : "आम्ही अडाणी, आम्ही काय शिकविणार ?" असें म्हणूं नका. खुरपतांना, बैल सोडतांना, चुलीपुढें बसतांना मुलाशीं आपल्याच भाषेंत बोला. त्यानें "कां ?" विचारलें तर "गप बैस" म्हणूं नका. हातीं मोबाइल देऊन भागत नाहीं. तो बडबडतो, पण मुलाचें ऐकून घेत नाहीं.

आणि शिक्षकबंधूंनो, सीमेवरच्या शाळेंत नेमणूक झाली तर शे-दोनशें कानडी शब्द शिकून घ्या. पगार घेणाऱ्या प्रौढास तेवढें जड वाटावें, आणि सहा वर्षांच्या पोरानें मात्र परकी भाषा येईपर्यंत मठ्ठ म्हणवून घ्यावें, हा कोणता न्याय ?