गाणे कुणाचे, सही कुणाची?



आपल्या वर्धा जिल्ह्यात खंजिरी वाजू लागली की भजन कुणाचे हे विचारावे लागत नाही. शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ आले, म्हणजे भजन तुकडोजी महाराजांचे, हे शाळेची पायरी न चढलेली आजीही सांगते. शास्त्रीय संगीतातही हीच रीत आहे. बंदिशीत ‘सदारंग’ आले की ती नियामत खाँची, ‘प्रेमपिया’ आले की फैयाज खाँची. या नावाला मुद्रा म्हणतात. ज्याने गाणे रचले त्याची ती सही.

ही सही बायकांच्या वाट्याला किती आली? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. सासरच्या जाचाचे आणि माहेरच्या ओढीचे इतके बारकावे बायकांशिवाय कोण रचणार? पण त्यात एकीचेही नाव नाही. जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. संत कवयित्रींनी सही केली, आणि त्या काळात ती मोठीच धिटाई होती. पण जनाबाईला ‘नामयाची दासी’ म्हणून आणि सोयराबाईला ‘चोख्याची महारी’ म्हणून सही करावी लागली. बाईच्या सहीतही धनी आला, नवरा आला, जात आली.

शास्त्रीय संगीतात तर आणखी गंमत आहे. ख्यालात आणि ठुमरीत बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाईच असते. प्रियकर परदेशी गेला म्हणून झुरणारी, सासू-नणंदेला भिणारी, सवतीवर जळणारी. पण तिच्या तोंडी हे शब्द घालणारा बहुतेक वेळा पुरुष. म्हणजे बाईचा गळा हवा, बाईचे म्हणणे नको. गायिका म्हणून तिला डोक्यावर घ्यायचे. पण गाण्याची रचना करणारी, रागाबद्दल मत मांडणारी, ग्रंथ लिहिणारी म्हणून तिच्याकडे पाहायचेच नाही.

ही चौकट ज्यांनी मोडली त्या डॉ. प्रभा अत्रे यांच्याविषयी मला या अंकात लिहायचे आहे. १३ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला आणि १३ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, पुण्यातच त्या गेल्या. पद्मश्री, पद्मभूषण आणि २०२२ साली पद्मविभूषण हे मान त्यांना मिळाले. भीमसेन जोशींच्या नंतर सवाई गंधर्व महोत्सवाचा समारोप कितीतरी वर्षे त्यांच्या गाण्याने होत असे. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘स्वरयोगिनी’ म्हटले. मला त्या महत्त्वाच्या वाटतात त्या मात्र रचनाकार म्हणून.

मारुबिहाग आणि कलावती रागांच्या ध्वनिमुद्रिकेने त्या घराघरांत पोचल्या. त्यातल्या गाजलेल्या बंदिशी त्यांच्या स्वतःच्या होत्या. पुढे त्यांनी शेकडो बंदिशी रचल्या आणि त्या स्वरलिपीसह पुस्तकरूपाने छापल्या, म्हणजे कोणीही त्या शिकाव्यात. अपूर्व कल्याण, मधुरकंस यांसारखे नवे राग बांधले. सरगमला नावे ठेवणारे पुष्कळ होते. त्यांनी सरगम नुसती गायली नाही, तर त्याच विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. अमुक राग अमुक वेळीच गावा या परंपरेलाही त्यांनी आधार विचारला. ‘असेच चालत आले आहे’ हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही. आपल्याला तरी ते कुठे पुरते?

त्यांच्या गुरुपरंपरेची गोष्टही आपण लक्षात ठेवावी अशी आहे. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर या भावंडांकडे त्या शिकल्या. ही दोघे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुले. ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि पाच मुलांना घेऊन त्यांनी संसार उभा केला. सुरेशबाबूंनी लावलेले ‘माने’ हे आडनाव आईचे. किराणा घराण्याचा इतिहास सांगताना खाँसाहेबांचे नाव पहिल्यांदा येते, आणि ते यावेच. पण प्रभाताईंपर्यंत ही विद्या पोचली ती वाट या बाईच्या घरातून जाते, हे कितीजण सांगतात?

आता अवघड प्रश्नाकडे येते. प्रभाताईंना हे का जमले? प्रतिभा आणि कष्ट तर होतेच. पण त्याशिवाय त्यांना विज्ञानाची पदवी मिळाली, कायद्याचे शिक्षण मिळाले. आकाशवाणीत नोकरी होती, पुढे मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद होते. स्वतःचा पगार होता. शिकण्याला आडकाठी न करणारे पुण्यातले पांढरपेशे घर होते. रियाजाला वेळ लागतो, रचना करायला त्याहून जास्त. निंदणाला जाणाऱ्या, पहाटे पाणी भरणाऱ्या बाईला हा वेळ कोण देणार? आणि त्यांच्या आधीच्या पिढीत मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर या गोव्याच्या कलावंत समाजातल्या स्त्रियांनी ही कला जिवापाड जपली. तेव्हा त्यांच्या समाजाला कलंक मिळाला. पुढे तेच गाणे पांढरपेशा मुलींसाठी प्रतिष्ठेचे झाले. कलेच्या इतिहासात जात अशी काम करते. महाराष्ट्रातल्या शास्त्रीय संगीताच्या मैफलीत दलित किंवा आदिवासी स्त्री रचनाकार म्हणून बसलेली आपल्याला सहजी दिसत नाही. यात तिच्या गळ्याचा काहीच दोष नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. क्यूबातल्या हवानामध्ये १९४३ साली जन्मलेल्या तानिया लेओन १९६७ साली अमेरिकेत गेल्या. काळ्या नर्तकांसाठी उभ्या राहिलेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या संस्थेच्या त्या पहिल्या संगीत दिग्दर्शक. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हणजे गोऱ्या पुरुषांचे राज्य. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराला २०२० साली शंभर वर्षे झाली, तेव्हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने एकोणीस स्त्रियांकडून नव्या रचना मागवल्या. त्यात लेओन यांची ‘स्ट्राइड’ होती. मताधिकारासाठी झुंजलेल्या सुझन अँथनी यांच्यापासून स्फूर्ती घेतलेली ही रचना. तिला २०२१ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण १९२०च्या त्या मताधिकारानंतरही दक्षिणेकडच्या काळ्या स्त्रियांना खऱ्या अर्थाने मत देता यायला १९६५ उजाडावे लागले. स्त्रियांच्या विजयात सगळ्या स्त्रिया नसतात, हे आपण सावित्रीबाईंच्या मुली चांगलेच जाणतो.

लेओन यांना ‘काळी रचनाकार’, ‘स्त्री रचनाकार’ अशा चिठ्ठ्या नको असतात. रचनाकार म्हणा, एवढेच त्यांचे म्हणणे. ते मला पटते. पण चिठ्ठी नाकारायलाही आधी नाव लागते. आपल्या गावांतल्या बायका त्याच्याही अलीकडे उभ्या आहेत.

चळवळीत काहीजणी म्हणतात, गाणे सगळ्यांचे असते, नाव कशाला हवे? सगळ्यांनी मिळून रचलेले गाणे सगळ्यांचेच. पण एकीने रचलेले गाणे ‘लोकगीत’ म्हणून छापले की ती पुसली जाते. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तेव्हा कोणत्या गावच्या कोणत्या बाईने ओवी सांगितली हे त्यांनी नोंदवले. त्यामुळे त्या बायका आज नावानिशी उभ्या आहेत. हे करायला पैसा लागला नाही, दृष्टी लागली.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. आपल्या शिबिरांत, मोर्च्यांत, बचत गटांच्या बैठकीत जे गाणे म्हटले जाते, त्याची वही करताना रचणारीचे नाव आणि गाव लिहा. तिची परवानगी घ्या, आणि तिला हवे तेच नाव घाला. नवऱ्याचे घालायचे की नाही, हे तिने ठरवायचे. दुसरे, गावच्या भजनी मंडळात पेटी आणि तबला मुलींच्या हाती द्या. पेटीवर बोटे ठेवून चाल शोधता आली की मुलगी दुसऱ्याच्या चालीवर थांबत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत संगीताचा तास वेळापत्रकात नुसता लिहिलेला असेल, तर पालक सभेत त्याबद्दल विचारा.

आर्वी, हिंगणघाट, देवळी, सेलू, कारंजा, समुद्रपूर, आष्टी, सगळीकडच्या मैत्रिणींनी आपली आणि आपल्या आयांची गाणी पाठवावीत. पुढच्या अंकापासून ती आपण रचणारीच्या नावासह छापू. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही येऊन लिहून घेऊ. सही मात्र तुमची हवी.