बटण दाबले, पुढे काय?

निवृत्तीनंतर मी बेंगळुरूच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेलगत असलेल्या आनेकल येथे राहतो. गेल्या महिन्यात येथील एका सेवा केंद्रात नातीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला एक वृद्ध शेतकरी आले होते. संगणकावरील मुलाने शुल्क भरण्याचे बटण दाबले. बटण होते तसेच राहिले. रंग बदलला नाही, ‘काम सुरू आहे’ अशी सूचनाही उमटली नाही. त्याने ते पुन्हा दाबले. थोड्या वेळाने शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पैसे वळते झाल्याचे दोन संदेश आले. पोच मात्र एकाही अर्जाची नाही.

रक्कम किरकोळ होती. प्रश्न पोचेचा आहे. कर्नाटकाच्या २०११च्या ‘सकाल’ कायद्याखाली अर्जाला १५ अंकी क्रमांक मिळतो. विलंब झाला तर दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये भरपाई आहे. महाराष्ट्राच्या २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमातही अर्जाला स्वतंत्र क्रमांक देण्याची तरतूद आहे. हा क्रमांकच उमटला नाही, तर अर्ज केल्याचा दाखला नागरिकाच्या हाती उरत नाही आणि विलंब कोणत्या दिवसापासून मोजायचा, हेही ठरत नाही. जुन्या कचेरीतील आवक लिपिक कितीही आळशी असो, ‘कागद मिळाला’ आणि ‘काम झाले’ या दोन गोष्टी तो वेगवेगळ्या रकान्यांत लिहीत असे.

पडद्यावर आंधळा विश्वास ठेवण्याची किंमत ब्रिटनने मोजली आहे. तेथील टपाल खात्याच्या ‘होरायझन’ प्रणालीतील एक दोष स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जातो. २०१५ साली ८ हजार पौंडांची आवक नोंदवताना पडदा गोठला, बटण पुन्हा पुन्हा दाबले गेले आणि हिशेबात ३२ हजार चढले. ही चूक उघडकीस आली. परंतु याच प्रणालीच्या सदोष हिशेबांमुळे ९००हून अधिक उपटपालचालक दोषी ठरले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची शिक्षा रद्द करण्यासाठी २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. न्यायालयांनी यंत्राचे म्हणणे खरे मानले होते, माणसाचे नव्हे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाने फसलेल्या व्यवहारांना मुदत घातली. यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्याच्या खात्यात पोहोचले नाहीत, तर पुढच्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यावेत. त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीविना. नियम चांगला आहे. पण आनेकलमधील दोन्ही व्यवहार फसलेले नव्हते, ते यशस्वी होते! ते या नियमात बसत नाहीत.

शासनाला एवढे तरी करता येईल: शुल्क घेण्यापूर्वीच अर्जाचा क्रमांक द्यावा, त्या क्रमांकावर दुसरे शुल्क स्वीकारू नये आणि निकाल कळेपर्यंत बटण बंद ठेवून तसे स्पष्ट लिहावे. निविदेच्या अटींत ही तीन वाक्ये घालायला नव्या कायद्याची गरज नाही.

त्या दिवशी शेतकरी निमूट उठले नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली, त्या मुलाकडून तारीख, वेळ आणि ‘दोनदा पैसे घेतले’ असे लिहून घेतले व त्याखाली त्याची सही घेतली.