पावतीवर नाव कोणाचं?

मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास एक चक्कर मारा. रंधा मारणारे, पॉलिशचे हात देणारे, सोफ्यावर फोम आणि कापड चढवणारे, छोटा हत्तीत माल भरणारे, यांत आपली माणसं भरपूर भेटतील. तोच पलंग पुढे शोरूममध्ये जातो. तिथे त्याला नाव मिळतं, किंमत मिळते, पावती मिळते. करणाऱ्याला दिवसाची मजुरी मिळते.

म्हणून आपल्या वस्तीतली मुलं-मुली ‘घरातूनच फर्निचर विकायला सुरुवात करू का?’ असं विचारतात, तेव्हा माझं उत्तर ‘जरूर करा’ असंच असतं. घरातल्या मोठ्यांचं उत्तर बहुधा उलट असतं. गाळा नाही, डिपॉझिट भरायला पैसा नाही, मग धंदा कसला? पोराने कुठेतरी नोकरी बघावी, पोरीने शिवणकाम करावं. पण घरात बसून काम करणं आपल्याला नवीन आहे का? 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार, काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांमध्ये घरातच काम करणाऱ्यांचं प्रमाण एकूण कामगार स्त्रियांपेक्षा बरंच जास्त होतं. जरी, टिकल्या, पिशव्या, नगावर मजुरी. घर कधीपासूनच कारखाना आहे, फक्त त्याची मालकी आपल्याकडे नाही.

आता धंद्याचं बोलू. नवं फर्निचर करून घेण्यात भांडवल अडकतं. जुन्यापासून सुरुवात करणं सोपं. हिंजवडी, खराडी, पवईसारख्या भागांत भाड्याने राहणारी नोकरदार मंडळी बदली झाली की पलंग, टेबल, कपाट मिळेल त्या भावाला काढून टाकतात. ते घ्यायचं, दुरुस्त करायचं, पॉलिश करायचं, फोटो काढून फोनवरून विकायचं. पण घेताना हात लावून बघा. कपाटाच्या पायाशी बारीक भुसा पडलाय का? वाळवीची माती दिसतेय का? पार्टिकल बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की त्याला औषध नाही, आणि त्यातला स्क्रू एकदा सैल झाला की परत धरत नाही. जुनं सागवान मात्र रंधा मारला की आतून उजळून निघतं. आणि हो, ग्राहकाच्या लिफ्टचं माप आधी विचारा. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवलेलं कपाट अख्खा नफा खातं.

हिशेबात नवीन मुलं इथेच फसतात. समजा, एक जुना सोफा 4,000 ला घेतला. आणायचा टेम्पो 800, फोम आणि कापड 3,500, कारागिराची मजुरी 2,000, पोचवायचा टेम्पो 800, हमाली 300. झाले 11,400. विकला 13,000 ला. डोक्यात राहतं ‘चारचे तेरा झाले’, हातात उरतात 1,600. त्यातूनही फोटो काढणाऱ्या, दिवसभर फोन घेणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या बहिणीचे तास कोणी धरलेले नाहीत. तिच्याकडे पुढे येतोच.

फ्लॅटमध्ये मात्र पॉलिश करू नका. थिनरचा वास शेजाऱ्यांना नको असतो आणि त्याला आग पटकन लागते. काम कारखान्यात, विक्री घरातून.

भांडवलाचा विषय निघाला की व्याजाचा विषय निघतो. कोणाला व्याज टाळायचं असेल तर मी वाद घालणार नाही. नात्यात कर्ज-ए-हसना मिळत असेल तर उत्तम, तेच घ्या. पण एक ढोंग मला पटत नाही. बँकेचं कर्ज हराम म्हणून मुद्रा योजनेचं दार बंद करायचं आणि गल्लीतल्या फायनान्सवाल्याकडून, जो व्याज महिन्याच्या हिशेबाने मोजतो, गुपचूप पैसे उचलायचे. मुद्राच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी 15,000 रुपये मिळतात, ते कर्ज नाही. आपले किती सुतार तिथे नोंदले गेलेत, हे आपल्या संघटनांनी मोहल्ल्यात विचारायला हवं. उद्यम नोंदणी फुकट आहे आणि घरच्या पत्त्यावर होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

उसने घेतलं, भागीदारी केली, तर लिहून ठेवा. ‘भाऊ-भाऊ आहोत, लिहायचं काय?’ या एका वाक्याने आपले किती धंदे आणि किती नाती बुडाली असतील. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवा, हेच सांगते. ती पाठ असलेल्या घरांतही वही नसते.

आता नाव. बोर्डावर किंवा फोनवरच्या पेजवर मुस्लिम नाव दिसलं की काही ग्राहक पुढे सरकतात, हे खोटं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना जागा न देण्याचा ठराव केला. अशा वातावरणात एखाद्याने धंद्याला ‘घरकुल’ किंवा ‘सागर’ असं कुठलंही नाव दिलं, तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. पण ग्राहकाने ‘आपलं नाव?’ विचारलं की स्वतःचं नाव सांगा. खोटं नाव माल पोचवताना दारातच उघडं पडतं, आणि मग ‘यांनी फसवलं’ म्हणायला कोणाला तरी आयतं कारण मिळतं. नाव ऐकून जाणारा जाऊ दे. राहणारेही असतात, आणि सोफा चांगला निघाला तर तेच शेजाऱ्याला तुमचा नंबर देतात.

याच कारणाने मालातला दोष आधी सांगा. प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा असेल तर त्याला अख्खं सागवान म्हणू नका. मापात मारणाऱ्यांवर कुरआनात एक अख्खी सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. आपल्याला एका मालाच्या खोटेपणाची किंमत अख्ख्या मोहल्ल्याच्या नावाने मोजावी लागते. हे न्यायाचं नाही, पण आहे.

राहिली ती बहीण. फोटो तिचे, ग्राहकाशी बोलणं तिचं, उधारीची आठवण तीच करून देते. धंदा भाईजानचा. लग्न झालं की तिची वही दुसऱ्याकडे जाते आणि ती रिकाम्या हाताने सासरी. जलशांत हजरत खदीजांच्या व्यापाराची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, त्यांच्या मालाचा व्यापार करायला पैगंबर साहेब गेले होते हेही सांगतो. घरी आल्यावर मात्र बँक खातं भावाच्या नावावर उघडतो.

पावतीपुस्तक छापायला फार पैसे लागत नाहीत. छापखान्यात देण्याआधी एका संध्याकाळी अब्बा, अम्मी, भाऊ आणि ती, सगळे एकत्र बसा. ‘मालक’ या शब्दापुढे कोणाचं नाव टाकायचं, हे तिच्यासमोर ठरू द्या.