तो आला कुठून होता?

आमच्या घरी अजगर आहे असं सांगितलं, की फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरते. मग पहिला प्रश्न येतो, "चावत नाही ना?" आणि पाठोपाठ दुसरा, "खातो काय?" सांगलीहून आईनं तर सरळच विचारलं, "अरे, नागपंचमीला पाटावर काढून पुजायचा तो. त्याला दिवाणखान्यात आणून बसवलास?" या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आता मला पाठ झाली आहेत. खरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. मीही तो विचारला नव्हता. विचारला तो माझ्या तेरा वर्षांच्या लेकीनं, आणि तोही फार उशिरा.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. इकडे घरात साप असणं म्हणजे आपल्याकडे काचेच्या टाकीत मासे असावेत, इतकंच. लेकीला वाढदिवसाला साप हवा होता. तोही साधासुधा नव्हे, 'ग्रीन ट्री पायथन', म्हणजे झाडावर राहणारा हिरवा अजगर. न्यू गिनी, त्याच्या आसपासची बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचं केप यॉर्क, इथल्या वर्षावनांतला हा रहिवासी. चित्र पाहिलं आणि लेकीच्या आधी मीच विरघळलो. कोवळ्या केळीच्या पानासारखा रंग. आडव्या फांदीवर वेटोळ्यांच्या घड्या घालून, बरोबर मधोमध डोकं टेकवून तो दिवसभर निवांत बसतो. पिल्लं मात्र हिरवी नसतात. ती पिवळीधमक किंवा विटकरी असतात. केप यॉर्कच्या रानात अभ्यास करणाऱ्यांना आढळलं, की साधारण वर्षाचं होऊन ५३ ते ५९ सेंटिमीटर लांबीचं झालं की पिल्लू रंग बदलतं. लहान असताना ते रानाच्या कडेला दिवसा शिकार करतं, मोठं झाल्यावर झाडांच्या शेंड्यांकडे जातं आणि रात्री शिकार करतं. म्हणून हा वेशांतराचा खटाटोप.

एका रविवारी आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात गेलो. विक्रेता म्हणाला, "हा इंडोनेशियातल्या फार्मवर जन्मलेला आहे." किंमत अडीचशे डॉलर. शेजारच्या टेबलावर असाच साप दुपटीहून जास्त किमतीला होता. मी मंडईत घासाघीस करत वाढलेला माणूस. आणखी वीस डॉलर कमी करून घेतले आणि त्याच आनंदात घरी आलो. लेकीनं त्याचं नाव ठेवलं पाचू.

घरी आल्यावर कळलं, की हा प्राणी नवख्याच्या हाती देण्यासारखा नाही. पेटीची एक बाजू तीस अंशांच्या आसपास उबदार हवी आणि दुसरी पंचवीसच्या जवळपास, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. हवा दमट हवी, पण सतत ओलीगच्च नको. पाणी शिंपडलं की अंगावरच्या वेटोळ्यांत साचलेले थेंब तो पितो. आणि मुख्य म्हणजे त्याला हाताळायचं नाही! लहान वयात फांदीवरून ओढून काढला तर शेपटीच्या मणक्यांना इजा होते. विष नाही, पण पुढचे दात चांगलेच लांब. पाहुणे येत, "जरा हातात दे ना" म्हणत, आणि लेक ठाम नकार देई. तिचं मला कौतुक वाटे.

पाचूनं मात्र पहिल्या दिवसापासून उंदराला तोंड लावलं नाही. 'रुळेल हळूहळू,' असं म्हणत मी तीन आठवडे काढले. मग पशुवैद्याकडे गेलो. विष्ठेत जंतच जंत निघाले. अंगावर जुने व्रण होते, ते भिंगातून दाखवून ते म्हणाले, "हा पेटीत वाढलेला दिसत नाही." औषधं झाली, नळीनं पाणी पाजून झालं. दहाव्या आठवड्यात एका सकाळी तो फांदीखाली पडलेला दिसला. परसातल्या झाडाखाली त्याला पुरताना लेकीनं विचारलं, "बाबा, तो आला कुठून होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग शोधायला बसलो. इंडोनेशियात हा साप रानातून पकडायला बंदी आहे. निर्यात करता येते ती फक्त बंदिवासात जन्मलेल्यांची. डॅनिएल नाट्श आणि जेसिका लायन्स या दोन संशोधकांनी २००९ ते २०११ या काळात तिथल्या बेटांवरच्या व्यापाऱ्यांकडे फिरून हिशेब मांडला. वर्षाला किमान ५,३३७ साप रानातून उचलले जात होते, आणि फार्मचे म्हणून परदेशी जाणाऱ्यांपैकी किमान ऐंशी टक्के प्रत्यक्षात रानातलेच होते. फार्मचं काम काय, तर कागद पुरवणं. काळा पैसा पांढरा करतात, तसा रानातला साप पाळीव करायचा! निर्यातीच्या वेळी प्रत्येक पिल्लामागे अंड्याचं कवच दाखवायला लावा, असा साधा उपायही त्यांनी सुचवला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मला मिळालेली स्वस्ताई कुणाच्या अंगावर वसूल झाली होती.

लहानपणी नागपंचमीला गारुडी दारात येई. दात काढलेल्या नागापुढे आम्ही दुधाची वाटी ठेवत असू. साप दूध पीत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमची भक्ती खरी होती, आणि नागाचे हालही खरेच होते. पाचूच्या बाबतीत मी याहून वेगळं काय केलं?

प्राणी पाळूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. पण हौस करणाऱ्यानं पैसे देण्याआधी मूळगाव विचारलंच पाहिजे. जन्मतारीख काय, आईबाप कुठे आहेत, किती दिवसांपासून नीट खातो आहे, हे सांगता न येणाऱ्याकडून घेऊ नये. आणि पहिलाच साप असेल तर हा नकोच. हा मोह आता आपल्याकडेही पोहोचला आहे. जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून परतलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप सापडले. आपल्या रानातला अजगर पाळणं तर गुन्हाच आहे. परदेशी संरक्षित प्राण्यांचीही नोंदणी २०२४ च्या नियमांनी सक्तीची केली आहे. मुलानं मोबाईलवर चित्र दाखवून हट्ट धरला, तर कायदा सांगण्याआधी त्याला लेकीचा प्रश्न सांगा.

लेकीनं पुढे आठ महिने वाट पाहिली. एका हौशी पाळणाऱ्याच्या घरी आम्ही नर-मादी पाहिली, अंडी उबवताना पाहिली, मग त्यातलंच एक पिल्लू दुपटीहून जास्त पैसे मोजून घेतलं. ते विटकरी होतं. आता पाठीवर हिरवे ठिपके उमटू लागले आहेत. पेटीजवळ तिची वही असते. परवा एका काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "चावत नाही ना?" ती म्हणाली, "सांगते काका. पण आधी तो कुठे जन्मला ते ऐका." आणि तिनं वहीचं पहिलं पान उघडलं.